शिवणकाम करणाऱ्या बाईचं खरं ठरलेलं बोलणं

१८९५ साली अमेरिकेत मिशिगन विद्यापीठातले डॉक्टर आल्ड्रेड वॉर्थिन यांना ओळखीची एक शिवणकाम करणारी बाई उदास दिसली. विचारल्यावर ती म्हणाली, आपण फार जगणार नाही. आमच्या घरात बहुतेक जण पोटाच्या नाहीतर गर्भाशयाच्या कॅन्सरनेच जातात. तेव्हा ती धडधाकट होती. पुढे गर्भाशयाच्या कॅन्सरनेच ती गेली. वॉर्थिननी तिचं बोलणं मनावर घेतलं, तिच्या नातेवाइकांची वंशावळ मांडली आणि १९१३ मध्ये छापली.

ती वंशावळ मग पडून राहिली. १९६०च्या दशकात अमेरिकेतल्याच ओमाहा शहरातल्या डॉ. हेन्री लिंच यांना तशीच घराणी भेटू लागली. कॅन्सर आनुवंशिक असू शकतो हे तेव्हा सहजी कुणी मानत नव्हतं, तरी ते वर्षानुवर्षं वंशावळी जमवत राहिले. आज या आजाराला ‘लिंच सिंड्रोम’ म्हणतात.

कारण मात्र सापडलं जिवाणूंमुळे. पेशी दुभागण्याआधी डीएनएची नक्कल होते, आणि एवढ्या मोठ्या मजकुरात अक्षरं चुकणारच. पण पेशीकडे मुद्रितशोधक आहे. काही प्रथिनं ताज्या नकलेवरून फिरतात, न जुळणारी जोडी हेरतात, तेवढा तुकडा कापून काढतात आणि नव्याने भरून घेतात. दोन धाग्यांपैकी चूक कुठल्या धाग्यात आहे हे कसं कळतं? ई. कोलाय जिवाणूत जुन्या धाग्यावर मिथाइल या छोट्या रासायनिक गटाच्या खुणा असतात, नव्यावर अजून उमटलेल्या नसतात. अमेरिकी जैवरसायनशास्त्रज्ञ पॉल मॉड्रिच यांनी ही यंत्रणा सुटी करून एकेक भाग ओळखला. २०१५च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. मला यातली सर्वांत सुंदर गोष्ट ही जुन्या-नव्याची ओळखच वाटते.

हा मुद्रितशोधक नसला की चुका शेकडो पटींनी वाढतात, आणि सर्वाधिक होतात त्या एकच अक्षर लागोपाठ येतं तिथे. ‘बॅट-२६’ नावाच्या तुकड्यात ‘ए’ हे अक्षर ओळीने २६ वेळा येतं. नक्कल करताना तिथे मोजणी घसरते. २६चे २० होतात, तरी कुणी दुरुस्त करत नाही. १९९३ मध्ये अशा घराण्यांतल्या रुग्णांच्या गाठींत असेच तुकडे आखूड-लांब झालेले दिसले. यीस्टचं दुरुस्तीचं काम बंद पडलं की हेच होतं हे काही जणांना ठाऊक होतं. त्याच वर्षी ‘एमएसएच२’ हे दुरुस्तीचं एक प्रथिन बनवणारं जनुक हाती आलं.

आता मोठ्या आतड्याची गाठ काढली की तिचा पातळ काप या दुरुस्तीच्या प्रथिनांसाठी रंगवून पाहतात. प्रथिन असेल तिथली केंद्रकं तपकिरी होतात. दोष असलेल्या गाठीत निरोगी पेशी तपकिरी आणि गाठीच्या पेशी नुसत्या निळ्या दिसतात. मग पुढची जनुकीय चाचणी करतात.

जनुकातला हा दोष आईकडून येतो तसाच वडिलांकडूनही येतो, आणि प्रत्येक मुलात उतरण्याची शक्यता निम्मी असते. म्हणून वंशावळ विचारताना आजोळही विचारायला हवं. आपल्याकडे आत्या ‘पोटाच्या दुखण्याने’ गेली एवढंच सांगतात. कोणत्या अवयवाचा कॅन्सर होता, वय काय होतं, हे घरातल्या जुन्या माणसांना आजच विचारा आणि लिहून ठेवा. दोष आधी कळला तर तरुणपणापासून दर एक-दोन वर्षांनी दुर्बिणीने आतडं तपासतात आणि गाठ कॅन्सरची होण्याआधीच काढून टाकता येते. रोजच्या अ‍ॅस्पिरिननेही या लोकांत आतड्याच्या कॅन्सरचा धोका कमी होतो, हे ब्रिटिश डॉक्टर जॉन बर्न यांच्या चाचणीत दिसलं; अर्थात ती गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यायची.

त्या बाईच्या घराण्यातला दोष २००० साली सापडला: एमएसएच२ मध्ये एका जागी ‘टी’ऐवजी ‘जी’. आता तिच्या वंशजांना चाचणी करून घेता येते. ज्यांच्यात तो बदल नाही, त्यांना त्यासाठी जास्तीच्या तपासण्या लागत नाहीत, आणि त्यांच्याकडून तो मुलांमध्येही जात नाही.