एसपीएफ लावलंय, म्हणजे मेलवर सही झाली असं नाही

‘टीएक्सटी रेकॉर्ड टाकलंय, डोमेन ऑथेंटिकेट झालंय,’ हे वागळे इस्टेटच्या ऑफिसांमध्ये मी सतत ऐकतो. डीएनएस (डोमेनची जाहीर नोंदवही) उघडून पाहावं तर एकच रेकॉर्ड, तेही एसपीएफचं. डीकेआयएमचा, म्हणजे मेलवरच्या सहीचा, पत्ताच नसतो. दोन्ही टीएक्सटी, म्हणजे साध्या मजकुराच्या नोंदी, म्हणूनच बसतात, घोळ इथूनच सुरू होतो.

एसपीएफ तुम्हाला ठाऊक आहे: आपल्या डोमेनच्या नावाने मेल पाठवायची मुभा असलेल्या सर्व्हरची यादी. रेकॉर्ड एकच, डीएनएस लुकअप जास्तीत जास्त १०. बस्स.

डीकेआयएम ही यादी नव्हेच, ती सही आहे. आपला सर्व्हर मजकूर आणि ठरावीक हेडर यांवर खाजगी चावीने सही करतो, जुळणारी सार्वजनिक चावी डीएनएसमध्ये असते. (यात मेल गुप्त होत नाही, तो विषय वेगळा.)

आता खरी मेख. एसपीएफ बघतं ते मेल शेवटी कोणाच्या हातून आला. त्या सर्व्हरचा आयपी आणि पाकिटावरचा परतीचा पत्ता, एवढंच. वाचणाऱ्याला दिसणारा ‘फ्रॉम’ ते तपासतच नाही. सही मात्र मेलसोबत प्रवास करते.

इथल्याच एका वर्कशॉपची बिलं तुर्भ्याच्या गिऱ्हाइकाकडे स्पॅममध्ये पडत होती. अकाउंट्सच्या मॅडम म्हणाल्या, “सर, मी स्वतःला मेल पाठवून बघितला, एसपीएफ पास येतंय.” येणारच, तो थेट गेला होता. गिऱ्हाइकाने मात्र जुन्या पत्त्यावरचे मेल जीमेलला फॉरवर्ड लावले होते. जीमेलच्या दारात मेल घेऊन उभा राहिला गिऱ्हाइकाचा सर्व्हर, आणि तो वर्कशॉपच्या यादीत कसा असणार?

आधीच्या माणसाने त्यावर केलेला इलाज पाहून मला खरंच राग आला. त्याने गिऱ्हाइकाच्या होस्टिंगचा आयपी वर्कशॉपच्या एसपीएफमध्ये घातला होता. त्या शेअर्ड सर्व्हरवर बाकी कोणाकोणाच्या साइट असतील, त्या सगळ्यांना तुमच्या नावाने मेल धाडायची परवानगी देऊन टाकली! असं कधीही करू नका.

फॉरवर्ड करताना आयपी बदलतो, मजकूर बदलत नाही. म्हणून सही टिकते. ती मोडते मजकुराला हात लागला की. सही झाल्यावर एखाद्या गेटवेने मेलखाली ‘गोपनीय’वाला डिस्क्लेमर चिकटवला, तर सहीतल्या ‘बीएच’मधला हॅश, म्हणजे मजकुराचा ठसा, जुळत नाही. जे चिकटवायचं ते आधी, सही सगळ्यात शेवटी.

सही कोणाच्या नावाची, हेही बघा. बिलं किंवा न्यूजलेटर पाठवणाऱ्या अनेक सेवा स्वतःच्या डोमेनने सही करतात, आणि लोक ‘पास’ वाचून निर्धास्त होतात. डीमार्क म्हणजे एसपीएफ किंवा डीकेआयएम दिसणाऱ्या ‘फ्रॉम’शी जुळतं का, ही तपासणी. तिला सहीतल्या ‘डी’मधलं, म्हणजे सही करणाऱ्याचं, डोमेन ‘फ्रॉम’शी जुळलेलं लागतं. दुसऱ्याच्या नावाची सही तुमच्या कामाची नाही.

चावी २०४८ बिटची घ्या, १०२४ आता नको. टीएक्सटीमधली एक स्ट्रिंग २५५ अक्षरांपुढे जात नाही, तेव्हा तुकडे करावे लागतात. काही पॅनेल डोमेन आपणहून जोडतात, तिथे रेकॉर्डच्या नावात सिलेक्टरनंतर (सिलेक्टर म्हणजे त्या चावीचं नाव) ‘अंडरस्कोअर डोमेनकी’पर्यंतच लिहा. आणि खाजगी चावी व्हॉट्सॲपवर पाठवू नका, कृपा करा.

फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलवर रोज ५,००० च्या वर मेल पाठवणाऱ्यांना दोन्ही लागतात, शिवाय डीमार्क. बाकीच्यांचं एकावर भागतं. एकच लावणार असाल तर मी डीकेआयएमच लावा म्हणेन.

वर्कशॉपच्या एसपीएफमधून तो परका आयपी काढला, चावी बसवली. गिऱ्हाइकाला जीमेलमध्ये तीन टिंबांवर जाऊन ‘शो ओरिजिनल’ उघडायला सांगितलं. एसपीएफ फेल. डीकेआयएम पास, वर्कशॉपच्याच डोमेनने. डीमार्क पास. बिल इनबॉक्समध्ये होतं.