संरचनात्मक आसंजके

यंत्राच्या किंवा वाहनाच्या सांध्यावर येणारा भार स्वतः पेलणाऱ्या चिकट द्रव्यांना संरचनात्मक आसंजके म्हणतात. सुताराचा सरस ओल आणि उष्णता लागली की सैल पडतो. एपॉक्सी, पॉलियुरेथेन यांसारखी आसंजके मात्र रासायनिक विक्रियेने घट्ट होतात आणि मग पुन्हा वितळत नाहीत. धातूला धातू भरवशाने जोडणारे ‘रेडक्स’ हे आसंजक इंग्लंडमधील डक्सफर्ड येथे नॉर्मन डी ब्रुइन यांच्या संस्थेत 1941 च्या सुमारास तयार झाले आणि लवकरच विमानबांधणीत वापरले जाऊ लागले.

पत्रे जोडण्यासाठी ठोकल्या जाणाऱ्या रिव्हेट या धातूच्या खिळीसाठी पत्र्याला भोक पाडावे लागते आणि भार वारंवार कमीजास्त होत राहिला, की तडा बहुधा त्या भोकाच्या कडेलाच सुरू होतो. आसंजकाचा थर हाच भार सांध्याच्या साऱ्या क्षेत्रावर पसरवतो. शिवाय पोलाद आणि ॲल्युमिनियम एकमेकांना टेकून त्यांत पाणी शिरले तर ॲल्युमिनियम झपाट्याने झिजते. मधला थर हा संपर्कच तोडतो. 1996 मध्ये आलेल्या ‘लोटस एलिस’ या मोटारीचा ॲल्युमिनियमचा सांगाडा मुख्यतः एपॉक्सीने जोडलेला असून त्याचे वजन जेमतेम 68 किलोच्या आसपास आहे.

मोबाइल फोनमध्ये हेच काम फार लहान जागेत चालते. चिपमधील सिलिकॉन तापल्यावर जेवढे प्रसरण पावते, त्याच्या कित्येक पट चिपखालचा सर्किट बोर्ड पसरतो आणि दोहोंना जोडणाऱ्या सोल्डर या डाख देण्याच्या धातूचे बारीक गोळे प्रत्येक वेळी ताणले जातात. म्हणून अनेक चिपांच्या कडेला पातळ एपॉक्सी सोडतात. ते केशाकर्षणाने गोळ्यांच्या मधल्या फटींत शिरते, भट्टीत घट्ट होते आणि फोन हातातून पडला तरी धक्का सर्व गोळ्यांत वाटला जातो.

आसंजकाची खरी परीक्षा मात्र पृष्ठभागाच्या तयारीत असते. 28 एप्रिल 1988 रोजी हवाई बेटांवरून उडणाऱ्या अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग 737 विमानाचे सुमारे 18 फूट लांबीचे छत आकाशात उडून गेले आणि एका हवाई सेविकेचा मृत्यू झाला. पत्र्यांच्या सांध्यातील, उष्णतेविना घट्ट केलेला एपॉक्सीचा थर सुटून तेथे ओल व गंज शिरला होता. सगळा भार रिव्हेटांवर आला आणि भोकाभोकांतले तडे एकमेकांना मिळाले.

टिकाऊपणाची दुसरी बाजू दुरुस्तीची आहे, कारण पक्की चिकटवलेली बॅटरी बदलताना उपकरणच मोडण्याची भीती असते. युरोपीय संघाच्या 2023 च्या नियमानुसार लहान उपकरणांतील बॅटरी 18 फेब्रुवारी 2027 पासून, काही अपवाद वगळता, वापरणाऱ्याला स्वतः काढता आली पाहिजे. त्यामुळे टोक धरून ओढताच ताणली जाऊन सुटणाऱ्या चिकटपट्ट्यांना महत्त्व आले आहे.