घशातला काटा आणि मानेचा मणका

घशात माशाचा काटा अडकला की कोरड्या भाताचा गोळा न चावता गिळायचा, हा कोकणात घरोघरी होणारा उपाय आहे. बहुतेक वेळा काटा सुटतो, निदान सुटल्यासारखा वाटतो, आणि कोणी त्याची आठवणही ठेवत नाही. पण तोच गोळा एखादा टोकदार काटा अधिक खोल रुतवूही शकतो, आणि अन्ननलिकेच्या मागे, पातळ पडद्यांच्या पलीकडे, थेट मानेचे मणके असतात.

अन्ननलिकेच्या भिंतीला छिद्र पडले, तर तोंडातले जिवाणू मागच्या सैल जागेत उतरतात, तिथे पू साठतो आणि क्वचित प्रसंगी लागण मणक्यांपर्यंत व त्यांच्यामधल्या चकतीपर्यंत पोहोचते. प्रौढांच्या चकतीत रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. त्यामुळे शरीराच्या संरक्षक पेशी तिथे कष्टाने पोहोचतात आणि औषधही, म्हणूनच प्रतिजैविके साधारण 6 आठवडे द्यावी लागतात. पुवाचा दाब मज्जारज्जूवर पडू लागला, तर हातापायांतले बळ जाण्याची भीती असते आणि मग शस्त्रक्रिया टाळता येत नाही.

लहान मुलांत हेच संकट बटन सेलमुळे, म्हणजे नाण्यासारख्या चपट्या बॅटरीमुळे येते. 20 मिलिमीटर व्यासाचा, 3 व्होल्टचा लिथियम सेल अन्ननलिकेत अडकला की ओल्या अस्तरातून वीज वाहू लागते आणि त्याच्या ऋण बाजूशी तीव्र अल्कली तयार होते, जी आतला भाग अक्षरशः विरघळवते. गंभीर इजेला 2 तास पुरतात. ऋण बाजू मागे असेल, तर जखम मणक्यांच्या दिशेने खोल जाते. सेल दुर्बिणीने वेळेत काढला, मूल घरी आले, खेळू लागले, तरी काही आठवड्यांनी ते मान वळवायला नकार देऊ शकते. ही मान 'लचकलेली' नसते.

मणक्यातल्या लागणीत ताप येतोच असे नाही. साध्या एक्स-रेमध्ये माशाचा काटा पुष्कळदा दिसत नाही, सीटी स्कॅनमध्ये तो सहसा सापडतो, आणि मणक्यातली लागण लवकर दाखवते ती एमआरआय तपासणी. पण ही तपासणी सुचायला हवी, आणि अडचण नेमकी तिथेच आहे: मान दुखते म्हणून आलेला माणूस तीन आठवड्यांपूर्वीच्या जेवणाबद्दल आपण होऊन काही बोलत नाही, कारण त्याच्या लेखी तो काटा भाताबरोबर केव्हाच पोटात गेलेला असतो.