कोकणातलं क्लाउड कॉल सेंटर: मागची गोष्ट

मे महिन्यात देवगडच्या आंबेवाल्याचा आणि मालवणच्या लॉजवाल्याचा फोन दिवसभर एंगेज लागतो. आता हेच फोन लॅपटॉप आणि हेडफोनवर, रांगेत लावून घेता येतात. फोन वाटण्याचं काम दुकानातलं यंत्र नाही, इंटरनेटवरचं सॉफ्टवेअर करतं. हेच क्लाउड कॉल सेंटर. तंत्र बरंच आधी तयार होतं. अडलं होतं ते नियमांत आणि इंटरनेटच्या तारेत.

रांगेचं गणित डेन्मार्कच्या ए. के. अर्लांग यांचं. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करताना त्यांनी १९०९ आणि १९१७ मध्ये ते मांडलं. ते आजही चालतं. तासाला ६० फोन, प्रत्येकी ४ मिनिटं, म्हणजे चार माणसांचं काम. पण चारच बसवली तर रांग वाढतच जाते, कारण फोन ठरवून एकामागोमाग येत नाहीत. पाच बसवली तरी सरासरी सव्वादोन मिनिटं ताटकळावं लागतं. दहापैकी आठ फोन २० सेकंदांत उचलायचे तर सात हवीत. माणसं कमी घेऊन सॉफ्टवेअरला दोष देणं ही नेहमीची चूक.

फोन आपोआप वाटणारं यंत्र अमेरिकेच्या रॉकवेल कंपनीने १९७३ मध्ये कॉन्टिनेंटल एअरलाइन्ससाठी बनवलं. पुढे कित्येक वर्षं असं यंत्र म्हणजे एसी खोलीतलं कपाट आणि पीआरआय लाइन, म्हणजे टेलिफोन कंपनीची अनेक फोन एकदम नेणारी डिजिटल लाइन. एका लाइनवर एकावेळी ३० फोन. छोट्या धंद्याला हे झेपणारं नव्हतंच. मार्च २०१७ मध्ये अमेझॉन कनेक्ट ही अमेझॉनची क्लाउड कॉल सेंटर सेवा आली, तेव्हा कपाट न घेता वापराच्या मिनिटांचे पैसे देण्याची पद्धत सर्वपरिचित झाली.

आपल्याकडे मात्र कॉल सेंटरला दूरसंचार विभागाकडे ‘ओएसपी’ (अदर सर्व्हिस प्रोव्हायडर) नोंदणी लागे. घरून काम द्यायचं तर बँक हमी आणि खास व्हीपीएन, म्हणजे कंपनीपुरतं बंदिस्त नेटवर्क. टाळेबंदीत, मार्च २०२० मध्ये, यात तात्पुरती सूट मिळाली. ५ नोव्हेंबर २०२० च्या नियमांनी नोंदणी आणि हमी दोन्ही काढली, आणि २३ जून २०२१ च्या नियमांनी एक्सचेंज, म्हणजे फोन जोडणारं आणि वाटणारं यंत्र, कुठेही ठेवायला मुभा दिली. दापोलीतल्या घरी बसून फोन घेणं कायद्याने सोपं झालं ते इथे. फोन नंबर मात्र आजही परवानाधारक कंपनीकडूनच घ्यायचा.

राहिली तार. आवाज इंटरनेटवरून पाठवायच्या जुन्या जी.७११ पद्धतीत एका फोनला प्रत्येक दिशेला जेमतेम ९० केबीपीएस (किलोबिट दर सेकंदाला) लागतात, सात फोनला एक एमबीपीएससुद्धा नाही. म्हणून ‘१०० एमबीपीएस घेतलंय’ या बोलण्याला इथे फारसा अर्थ नाही. आवाज तुटतो तो डेटाची पाकिटं (आवाजाचे छोटे तुकडे) उशिरा, मागेपुढे पोचल्यामुळे. सॉफ्टफोनवर, म्हणजे लॅपटॉपमधल्या फोनच्या ॲपवर, एका बाजूचाच आवाज येत असेल तर आधी राउटरमधलं ‘एसआयपी एएलजी’ हे इंटरनेट फोनमध्ये ढवळाढवळ करणारं सेटिंग बंद करून पाहावं.

३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगड आणि उत्तर रत्नागिरीत विजेचे खांब आडवे झाले. खांबांवरून नेलेली फायबर अशा वेळी खांबाबरोबरच जाते. वीज गेली की मोबाइल टॉवरही बॅटरी असेपर्यंतच. रुंदीकरणात जेसीबीने केबल तोडणं तर मुंबई-गोवा महामार्गालगत सवयीचं. दोन कंपन्यांची कनेक्शनं घेतली आणि दोन्ही एकाच खांबावरून आली, तर ते एकच कनेक्शन. लाइनमनला केबलचा रस्ता विचारून मगच दुसरं घ्यावं. राउटर आणि फायबर जिथे येऊन जोडली जाते तो डबा इन्व्हर्टरवर हवा. लॅपटॉपची बॅटरी पुरेशी असूनही फोन कापले जातात ते बहुतेक याच डब्यामुळे. दोन्ही लाइनी गेल्या तर फोन आपोआप मोबाइलवर वळवण्याची सोय क्लाउडमध्ये असते, पण ती पावसाआधी, मे महिन्यातच लावून तपासावी लागते.