कापलेली स्ट्रिप आणि फार्मसीचा अभ्यासक्रम

मिरजेत दवाखान्यांच्या रस्त्यावरील औषध दुकानासमोर थोडा वेळ उभे राहिले, की हे दृश्य हमखास दिसते. तासगावकडून आलेल्या आजी दहाऐवजी चारच गोळ्या मागतात, काउंटरवरचा मुलगा कात्रीने स्ट्रिप कापतो आणि मुदतीची तारीख छापलेला तुकडा खोक्यात परत जातो. औषधाची मुदत कशी ठरते, यावर त्या मुलाने परीक्षेत पानभर उत्तर लिहिलेले असते. पण कापलेल्या गोळ्या देताना पाकिटावर नाव आणि मुदत लिहून द्यावी, हे त्याच्या हाताला वळण म्हणून लागलेले नसते.

औषधनिर्माणशास्त्राच्या अभ्यासक्रमाची चौकट १९४८ च्या फार्मसी कायद्याखाली स्थापन झालेली भारतीय फार्मसी परिषद ठरवते. पदविकेसाठीचे १९९१ चे विनियम जवळजवळ तीन दशके चालले आणि २०२० च्या विनियमांत सामाजिक फार्मसीसारखे विषय आले. विषयांची नावे सांगलीतल्या महाविद्यालयाला बदलता येत नाहीत. परंतु कोणती उदाहरणे घ्यायची, कोणत्या प्रात्यक्षिकावर भर द्यायचा आणि ५०० तासांच्या प्रत्यक्ष प्रशिक्षणात विद्यार्थ्याला नेमके काय करायला लावायचे, हे बरेचसे तिथेच ठरते. डॉक्टर, औषध कंपन्या, दुकानदार अशा बाहेरच्यांचे म्हणणे उपयोगी पडते ते इथे. (या मंडळींना कागदोपत्री ‘भागधारक’ म्हणतात, डिव्हिडंड मात्र कोणाला मिळत नाही.)

मात्र त्यांना ‘काय शिकवावे?’ असे विचारले, की डॉक्टर औषधशास्त्र पक्के करा म्हणतात, कंपनीचे अधिकारी संवादकौशल्य मागतात आणि दुकानदार बिलिंगचे सॉफ्टवेअर. प्रत्येक जण भर घालतो, वेळापत्रकातले तास तेवढेच राहतात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लॅनगन यांनी १९५४ मध्ये मांडलेली पद्धत इथे अधिक कामाची आहे. दुसऱ्या महायुद्धातील वैमानिकांच्या अभ्यासातून आलेल्या या पद्धतीत मत विचारत नाहीत, घडलेला प्रसंग विचारतात: नवा मुलगा कुठे अडला, त्याने काय केले, पुढे काय झाले? मग उत्तरे नेमकी येतात. संधिवातासाठी आठवड्यातून एकदाच घ्यायची मेथोट्रेक्सेटची गोळी रुग्ण रोज घेऊ लागला, तर तोंड येते, पांढऱ्या पेशी घटतात आणि जीवही जाऊ शकतो. चिठ्ठीवरचा ‘आठवड्यातून एकदा’ हा शब्द काउंटरवर मोठ्याने सांगितला गेला होता का, हे अशा प्रसंगातूनच कळते.

प्रसंग गोळा झाल्यावर त्यांचा क्रम लावण्यासाठी सर्वांना एका खोलीत बसवू नये, कारण मोठ्या डॉक्टरांसमोर दुकानातला नोकर तोंड उघडत नाही. १९५० च्या दशकात रँड या अमेरिकन संशोधन संस्थेत विकसित झालेल्या डेल्फी पद्धतीत मते निनावी घेतात, एकत्रित निकाल सर्वांना दाखवतात आणि मग पुन्हा विचारतात.

कोणाकोणाला विचारायचे, त्या यादीतून हमखास सुटतो तो रुग्ण. ऑगस्ट २०१९ च्या कृष्णेच्या पुरात वीज गेल्यावर इन्सुलिनचे काय करायचे, हा प्रश्न ज्याच्या घरात उभा राहिला, तो साठवणुकीच्या २ ते ८ अंश सेल्सिअस एवढ्या आकड्यावर समाधानी राहणार नाही. बर्फाला थेट टेकून गोठलेले इन्सुलिन वापरू नये आणि वापरात असलेली बहुतेक इन्सुलिने उष्णतेपासून जपल्यास सुमारे चार आठवडे फ्रीजबाहेर चालतात, हे त्याला हवे असते.

अर्थात बाहेरच्याचे सगळेच ऐकायचे नसते. मालकाला आयता कामगार हवा असतो. दुकानात आता कोणी मिश्रणे बनवत नाही, तेव्हा ती प्रात्यक्षिके काढून टाका, असा आग्रह धरला जातो. त्यावर शिक्षकांचे उत्तर मला पटते: ज्याने स्वतः निलंबन (न विरघळणारी भुकटी द्रवात मिसळून केलेले औषध) बनवून रात्रभरात तळाशी बसलेला गाळ पाहिला आहे, तोच ‘बाटली हलवून घ्या’ हे वाक्य रुग्णाला कळकळीने सांगतो. तेव्हा दहा मिश्रणांऐवजी चार बनवावीत आणि उरलेल्या तासांत कात्री, स्ट्रिप व पाकीट विद्यार्थ्याच्या हाती द्यावे.