नर्स अ‍ॅनेस्थेटिस्ट व्हायचंय? मग अनुभवाचं पत्र कुठल्या आयसीयूचं, ते आधी बघा

आपल्याकडे भूल द्यायचं काम भूलतज्ज्ञ डॉक्टरचं. सिस्टर औषधं भरून देते, मॉनिटरवर लक्ष ठेवते, पण नर्सिंगच्या नोंदणीवर स्वतंत्रपणे भूल देता येत नाही. बी.एस्सी. अ‍ॅनेस्थेशिया टेक्नॉलॉजी हा तंत्रज्ञाचा कोर्स आहे. तो केला म्हणून नर्स अ‍ॅनेस्थेटिस्ट होत नाही, जाहिरात काहीही म्हणो. अमेरिकेत मात्र भूल देण्याचं खास शिक्षण घेतलेली सिस्टर, म्हणजे नर्स अ‍ॅनेस्थेटिस्ट, रुग्ण तपासते, नळी घालते, भूल देते आणि तो शुद्धीवर येईपर्यंत जवळ थांबते.

तिथला रस्ता असा: नर्सिंगची पदवी, एनक्लेक्स ही परवान्याची परीक्षा, तिथला आरएन म्हणजे नोंदणीकृत नर्सचा परवाना, आयसीयूचा अनुभव, मग किमान 36 महिन्यांचं शिक्षण आणि शेवटी राष्ट्रीय प्रमाणन परीक्षा. नुसत्या जीएनएम पदविकेवर भागत नाही, आधी पोस्ट बेसिक बी.एस्सी. करा. जुन्या माहितीवर विसंबून मास्टर्स शोधत बसू नका. 1 जानेवारी 2022 पासून नवीन प्रवेश फक्त डॉक्टरेटलाच मिळतो.

सगळ्यात जास्त गाडं अडतं ते अनुभवावर. किमान एक वर्ष पूर्णवेळ आयसीयू, एवढं वाचून मुली कोल्हापुरातल्या दवाखान्याचं पाच-सहा वर्षांचं पत्र घेऊन येतात. नियमात पुढे लिहिलंय की हा अनुभव अमेरिकेतल्या, तिच्या अधिपत्याखालच्या प्रदेशातल्या किंवा तिच्या लष्करी रुग्णालयातल्या आयसीयूचा हवा. म्हणजे इथलं पत्र तिकडची नोकरी मिळवायला उपयोगी, या प्रवेशाला नाही. हे कुणी तोंडावर सांगत नाही, कारण सांगितलं तर एजंटची फी कोण भरणार? ऑपरेशन थिएटरमधली वर्षंही यात धरत नाहीत.

दुसरं दुखणं नावाचं. मार्कलिस्टवर वडिलांचं नाव, नर्सिंगच्या नोंदणीवर माहेरचं आडनाव, पासपोर्टवर सासरचं. एनक्लेक्सच्या दिवशी पासपोर्ट आणि परीक्षेच्या नोंदणीतलं नाव जुळलं नाही तर आत सोडत नाहीत, भरलेले पैसेही जातात. लग्नाचा दाखला किंवा नावबदलाचं राजपत्र आधी काढा, परीक्षेची नोंदणी मग.

आणि ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे शिकलेल्या विषयांचा आणि गुणांचा अधिकृत तपशील. ते कॉलेजने किंवा विद्यापीठाने परस्पर पाठवायचं असतं. बंद पाकीट तुमच्या हातात दिलं आणि तुम्ही ते दसरा चौकात झेरॉक्स काढायला म्हणून फोडलंत, की नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाकडे पुन्हा अर्ज.