दहा बाय बाराची खोली आणि तिला वर उचलू पाहणाऱ्या शक्ती

शिरूर-दौंडपासून मावळ-मुळशीपर्यंत पुण्याच्या आसपास दहा-वीस गुंठे जमीन घेतलेल्या अनेकांच्या मनात एक खोली असते. दहा बाय बाराची, पुढे पडवी, वर पत्रा. एखादा गवंडी मदतीला घेऊन शनिवार-रविवारी स्वतःच्या हातांनी बांधायची. सात-बारा आणि बांधकाम परवानगीची कामं आधी उरकावीत, तिथे आडवाट शोधू नये. मग प्रश्न येतो तो इंजिनियरचा. एवढ्याशा खोलीला तो कशाला, असं सगळेच म्हणतात. वजनच नाही, तर पडायचं काय त्यात?

घोटाळा नेमका या वजन नसण्यातच आहे. दहा मजली इमारतीला जमिनीत खचण्याची भीती असते. हलक्या खोलीला जमीन खालून वर ढकलते आणि वारा तिचं छप्पर वर ओढतो. स्वतः बांधणाऱ्याने सगळ्यात आधी समजून घ्यायच्या त्या या दोन शक्ती. खिडकी कुठे आणि फरशी कुठली, हे नंतर.

आधी जमीन. साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थर साचले. त्या बेसाल्टचा, म्हणजे आपल्या काळ्या कातळाचा, झिजून झिजून आधी मुरूम झाला आणि पुढे काळी माती. डोंगरउतारावर पावसाने माती वाहून नेली, म्हणून मुळशी-वेल्ह्याकडे बऱ्याच ठिकाणी थोडं खणलं की मुरूम लागतो. दौंड-बारामतीच्या सपाटीवर काळी खोलवर असते. या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. त्याचा प्रत्येक कण म्हणजे पत्त्यांच्या कॅटासारखी एकावर एक रचलेली, अतिशय पातळ पापुद्र्यांची थप्पी. पापुद्र्यांची एकमेकांवरची पकड सैल असते. पाण्याचे रेणू मध्ये शिरतात, पापुद्रे लांब सरकतात आणि माती फुगते. उन्हाळ्यात पाणी निघून गेलं की ती आकसते. मे महिन्यात शेतात पडणाऱ्या, हात आत जाईल एवढ्या भेगा त्याच्याच.

फुगणारी माती वर ढकलते तेव्हा तिचा जोर दर चौरस मीटरला पाच-दहा टन, कधी त्याहून बराच जास्त असू शकतो. पत्र्याच्या छपराची, चार इंची भिंतीची खोली पायाखालच्या जमिनीवर दर चौरस मीटरला जेमतेम दोन-तीन टनांचा भार टाकते. म्हणजे माती जिंकते. त्यातही ती सगळीकडे सारखी फुगत नाही. खोलीच्या मधोमध, जोत्याखाली, ओल बऱ्यापैकी टिकून राहते. कडेची माती मात्र पावसाळ्यात भिजते आणि उन्हाळ्यात सुकते. कडा वर-खाली होते, मधला भाग जागच्या जागी राहतो आणि भिंतीत तिरकी चीर जाते. खिडकीच्या कोपऱ्यातून निघणारी ती चीर दर वर्षी लांबी (पुट्टी) भरून झाकली जाते आणि दर वर्षी पुन्हा उघडते.

आपली माती किती फुगते, हे पाहायला प्रयोगशाळेतल्या चाचणीचं घरगुती रूप पुरतं. माती वाळवून, बारीक करून, चहाच्या गाळणीतून चाळा. दोन सारख्या, उभट काचेच्या ग्लासांत सारख्याच मापाने थोडी थोडी घाला. एकात पाणी ओता, दुसऱ्यात रॉकेल. ढवळून हवेचे बुडबुडे निघू द्या आणि दोन्ही ग्लास दिवसभर न हलवता ठेवा. रॉकेलचे रेणू त्या पापुद्र्यांना फुगवू शकत नाहीत, त्यामुळे तिथे माती आहे तेवढीच राहते. पाण्यातला थर रॉकेलमधल्या थराच्या दीडपट किंवा त्याहून उंच दिसला, तर त्या मातीवर पाया टेकवायचा नाही. मुरूम चार-पाच फुटांवर असेल तर काळी पूर्ण काढून पाया मुरमावर न्यावा, हा सगळ्यात सोपा आणि माझ्या मते सगळ्यात चांगला मार्ग. काळी फार खोल असेल तर तळाशी फुगवटा असलेले काँक्रीटचे खांब जमिनीत उतरवतात. रुरकीच्या केंद्रीय भवन अनुसंधान संस्थेने त्यांच्यावर मोठं काम केलं आहे. हे खांब साधारण साडेतीन मीटर खाली, ऋतूंमुळे ओल फारशी बदलत नाही अशा थरापर्यंत जातात आणि तळाचा फुगवटा त्यांना वर निघू देत नाही. इथे मात्र इंजिनियरचा सल्ला घ्यायलाच हवा.

पाया कोणताही असो, भिंतीच्या कडेची माती भिजू न देणं आपल्या हातात असतं. वळचण दोन फूट बाहेर काढली की पागोळ्या जोत्यापासून लांब पडतात. खाली चारही बाजूंनी मीटरभर रुंद, बाहेर उतार दिलेली फरसबंदी करावी. भिंतीला लागून फुलझाडांचा वाफा करून रोज पाणी घालण्याचा मोह टाळावा.

आखणीचं काम हाताने करायला फार समाधानाचं आहे. चार खुंट्या, दोरी, ओळंबा आणि पाणी भरलेली पारदर्शक नळी एवढ्यावर ते होतं. दहा बाय बाराच्या चौकटीचे दोन्ही कर्ण 15 फूट साडेसात इंच भरले की चारही कोपरे गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहेत. पायाचा माल कालवताना एक हट्ट धरावा: 50 किलोच्या सिमेंटच्या पोत्याला 25 लिटरच्या आसपास पाणी. पातळ माल पसरायला सोपा म्हणून आणखी बादली ओतली जाते, पण सिमेंटशी रासायनिक क्रिया करून उरलेलं पाणी उडून जातं आणि मागे सूक्ष्म पोकळ्या ठेवतं. काँक्रीट त्या पोकळ्यांमुळे कमकुवत होतं. ओतल्यानंतर निदान सात दिवस ते ओल्या गोणपाटाखाली ठेवावं.

आता छप्पर. वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट. भारतीय मानकात पुण्यासाठी धरलेला मूळ वेग सेकंदाला 39 मीटर, म्हणजे ताशी 140 किलोमीटर आहे. त्या वेगाला दाब येतो दर चौरस मीटरला सुमारे 90 किलो. छपरावरून वारा वेगाने वाहतो तेव्हा वरचा दाब कमी होतो आणि दार उघडं असेल तर आत शिरलेली हवा खालून रेटते. वळचणीसह आपलं छप्पर साधारण 21 चौरस मीटर भरतं. 90 पैकी निम्माच जोर वर ओढतो असं धरलं, तरी तो 900 किलोंच्या वर जातो. आणि एवढ्या सगळ्या पत्र्याचं वजन? शंभर किलोंच्या आसपास.

म्हणूनच पत्र्यावर दगड ठेवून भागत नाही. पत्रा पर्लिनला, म्हणजे त्याखालच्या आडव्या दांड्याला, पर्लिन कैचीला, म्हणजे छपराच्या त्रिकोणी सांगाड्याला, कैची भिंतीवरच्या काँक्रीटच्या पट्ट्याला आणि तो पट्टा सळयांनी पायाला, अशी साखळी कुठेही न तुटता खालपर्यंत गेली पाहिजे. कडेच्या आणि कोपऱ्याच्या पत्र्यांवर ओढ सगळ्यात जास्त, तिथे इंग्रजी J आकाराचे हुक कमी अंतरावर लावावेत. हुकाचं भोक पत्र्याच्या नागमोडीच्या उंच भागावर पाडायचं. खोलगट भागातून पाणी वाहतं, तिथलं भोक गळणारच. हाच पट्टा भूकंपातही भिंती एकत्र धरून ठेवतो. 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीत मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती एकमेकींपासून सुटून कोसळल्या आणि हजारो माणसं दगावली. चार इंचांच्या पट्ट्याचा खर्च वाचवायचा विचार ज्याच्या मनात येईल, त्याने किल्लारी आठवावी.

पत्र्याच्या उष्णतेचं काय? पुण्यात मेच्या मध्यावर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो. दक्षिणेच्या भिंतीला तेव्हा ऊन जवळजवळ लागत नाही, सगळं छपरावर येतं. तापलेला पत्रा खाली बसलेल्यावर उष्णतेचा मारा करतो. वरून पांढरा रंग, खाली चार-सहा इंच हवा खेळती ठेवून बांबूच्या चटईचं किंवा प्लायचं छत आणि गरम हवा निघायला आढ्याजवळ झरोके, एवढं केलं की खोलीत बसवतं. झरोक्यांना जाळी हवी. पश्चिमेची खिडकी लहान ठेवावी, कारण उतरतं ऊन वळचणीखालून सरळ आत येतं. मावळात पावसाची झडही बहुतेक त्याच बाजूने मारते.

वेळेचा हिशेब वळिवावरून लावावा. इथे सोसाट्याचा वारा बरेचदा मोसमी पावसाच्या आधी, एप्रिल-मेच्या दुपारनंतर उठतो. दिवाळीनंतर पाया, संक्रांतीच्या सुमाराला भिंती आणि मार्चअखेर छप्पर, तेही सगळे हुक आणि बोल्ट पिळून पूर्ण. अर्धवट अडकवलेले पत्रे वळिवाच्या पहिल्या झोतात सुटतात आणि शेजारच्या शिवारात काम करणाऱ्या माणसांवर जाऊन पडू शकतात.